पाण्यात उतरलेला रस्ता

एप्रिलमध्ये आमच्या धरणाचं पाणी सगळ्यात खाली जातं. हिवाळाभर विजेसाठी ते सोडत राहतात, आणि मग काठाला चिखलाच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यातून एक जुना डांबरी रस्ता वर निघतो. काठावर उभं राहून बघितलं, तर तो सरळ पाण्यात उतरतो आणि दिसेनासा होतो. खाली गाव आहे. मी लग्न होऊन इथे आले, त्याच्या कितीतरी आधी बुडवलेलं.

माझा नवरा अकिलबेक आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. तो बाप्तिस्मे त्या रस्त्यावरच द्यायचा. पायाखाली चिखल नको, पक्कं काहीतरी हवं, एवढंच कारण. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चहा ओतून घ्या, मी मधे उठणार नाही.

पाळक म्हणजे काही थोर वगैरे नाही हो. आठवडाभर तो शेतावरचे पंप दुरुस्त करतो. अंगाला डिझेलचा वास, नखं काळी. रविवारी आमच्याच पुढच्या खोलीत बाकं मांडायची, गाणी, प्रार्थना, मग त्याचा उपदेश. उपदेश तरी कसला, फिरून फिरून एकच. पाप झाकू नका. ज्याचं वाईट केलंत त्याच्या दारात आधी जा, त्याची माफी मागा, मग देवाकडे या. आणि हे सगळं जिवंत आहात तोवर करा, नंतर मुदत नाही. एकाने शेजाऱ्याची मेंढी मारून खाल्ली होती. अकिलबेकने त्याला दुसरी मेंढी खांद्यावर घेऊन भर बाजारातून त्या शेजाऱ्याकडे पाठवलं. सगळा गाव हसत होता, पण ते दोघं आजही एका ताटात जेवतात.

शेजारची कालिचा आपा आमच्या मंडळीतली नाही, मशिदीवाली. वयाने माझ्या आईएवढी, म्हणून मी तिला आपा म्हणते; आमच्यात आईलाही आपाच म्हणतात. ती मला कुंपणावरून टोमणे मारायची, "साल्किन, देवापेक्षा तुझा नवरा कडक गं. देव तरी मेल्यावर विचारतो. हा जिवंतपणीच दारोदार हिंडवतो."

त्या रविवारी सकाळी दाट धुकं होतं. दोन बाया आणि एक मेंढपाळ, असे तिघं बाप्तिस्मा घेणारे. माझं काम काठावर घोंगड्या घेऊन उभं राहायचं. पाणी बर्फाचंच, त्यामुळे एकेक जण बाहेर आला की गुंडाळायचा आणि वर गाडीत पाठवायचा. तिघंही वर गेले. गाण्याचा आवाज वरून धुक्यातून येत होता. अकिलबेक बाहेर यायला वळला, आणि थांबला.

त्याच्या मागे, रस्ता जिथे आणखी खोल जातो तिथे, एक माणूस छातीभर पाण्यात उभा होता.

अंगात जाड शिवणीचा जुना कोट. डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी, भिजून कानांवर ओघळलेली. तो कुठून उतरला, मी बघितलं नव्हतं. काठावर तर मीच उभी होते.

"पाळक," तो म्हणाला, "मी राहिलोय."

पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो. मला वाटलं, पलीकडच्या काठाचा कुणी असेल. अकिलबेकलाही तसंच वाटलं असणार. तो म्हणाला, "बाइके, असे थंडीत काय उभे? बाहेर या, बसून बोलू." आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला बाइके म्हणतात.

"बाहेर नाही येता येत."

अकिलबेक त्याच्याजवळ गेला. खांद्यावर हात ठेवला. नेहमीचा प्रश्न विचारला, "पश्चात्ताप झालाय?"

"त्याशिवाय दुसरं काय केलंय मी..."

मग तो माणूस अकिलबेकच्या कानाशी वाकला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. फक्त एवढं दिसलं, की खांद्यावरचा अकिलबेकचा हात हळूहळू वर उचलला गेला. चटका बसल्यावर उचलतो तसा, पण सावकाश. वरचं गाणं संपलं होतं. ओल्या लोकरीचा, बंद तळघराचा वास काठापर्यंत आला.

"मग आधी तिच्याकडे जा," अकिलबेक म्हणाला. आवाज त्याचाच होता, उपदेशातला. "तिची माफी माग. मग ये. पुढच्या रविवारी मी इथेच असेन."

"ती ऐकेल?"

"जाऊन विचार."

माणसाने मान हलवली. वळला आणि चालायला लागला. पोहला नाही हो, चालला. उतारावरून घरी जावं तसा. पाणी गळ्यापर्यंत, मग कानापर्यंत, मग नुसती टोपी. मग तीही नाही. पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठला नाही.

अकिलबेकने आरडाओरडा केला, बुडी मारली, हातांनी चाचपलं. बाहेर आला तेव्हा ओठ निळे पडले होते.

"तुम्ही त्याला पाठवलंत कशाला?" मी रडतच विचारलं.

"सवयीने बोललो गं," तो म्हणाला. दात वाजत होते. "तोंडात बसलेलं वाक्य आहे ते. मी विचारच केला नाही, तो कुठे जाईल याचा..."

संध्याकाळी कालिचा आपा आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला सांगितलं. तिचं माहेर त्याच बुडालेल्या गावातलं. ती सुरुवातीला हसत होती. टोपीचं सांगितलं, कोटाचं सांगितलं. मग तिने विचारलं, "गालावर भाजल्याचा डाग होता? इथे?"

"होता," अकिलबेक म्हणाला.

तिने हातातली रोटी खाली ठेवली. "देर्केनबाय. उर्कुयाचा पोरगा. गाव हलवलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात होडी घेऊन पाण्यात गेला. होडी परत आली." मग म्हणाली, "उर्कुया, त्याची आई, अंथरुणाला खिळलेली होती. तिला लेकीकडे पोचवलं, असं सांगायचा सगळ्यांना."

"पोचवलं नव्हतं," अकिलबेक म्हणाला. "घर रिकामं आहे असं त्याने गाव हलवणाऱ्या साहेबाला सांगितलं. गाडीत जागा नव्हती. संध्याकाळी दुसरी गाडी घेऊन येतो, असं आईला सांगून निघाला. नव्या वस्तीत मित्र भेटले, प्यायला बसले. सकाळी शुद्धीवर आला तेव्हा पाणी खिडकीच्या वर होतं."

कालिचा आपाने तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी तिने टोमणा मारला नाही.

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. मी त्याला विनवलं, भांडले. म्हटलं, "तुम्हीच सांगता ना, मेल्यावर मुदत नाही म्हणून? मग हे कशासाठी? जाऊ नका."

"मी शब्द दिलाय, साल्किन."

"मेलेल्या माणसाला?"

"शब्द तर मी दिलाय. मी जिवंत आहे."

रविवारी त्याने प्रार्थना लवकर उरकली, मंडळीला घरी पाठवलं. एका शेतावर पंप अडला होता, वाटेत तो बघून आम्ही दोघंच काठावर गेलो. कपडेही बदलले नव्हते त्याने. या वेळी धुकं नव्हतं. लख्ख ऊन, समोर बर्फाचे डोंगर, आणि पाणी आरशासारखं. धुकं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. एकही पक्षी नव्हता. रस्ता कोरडा, पांढरट, सरळ खाली उतरत गेलेला.

आधी टोपी वर आली. मग चेहरा, मान खाली घातलेला. तो चढ चढत होता, एकेक पाऊल दगडासारखं उचलत. त्याच्या गळ्याभोवती दोन हात होते. बारीक, पाण्याने पांढरे पडलेले. पाठीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं...

मी प्रार्थना सुरू केली, पण शब्दच आठवेनात.

अकिलबेक कमरेभर पाण्यात गेला. "आपा," तो म्हणाला, "तुमचा मुलगा त्याच्या पापाची माफी मागतोय. द्याल का?"

मग त्या खांद्यावरून डोकं उचललं गेलं. पांढऱ्या केसांनी चेहरा झाकलेला. आवाज मात्र कोरडा होता. त्या सगळ्या ओलाव्यात तेवढाच कोरडा.

"कुठला मुलगा?"

"आपा, मीच..." देर्केनबाय म्हणाला.

"हा माझा देर्केन नाही. हा कुणीतरी परका आहे. मला उगाच उचलून आणलंय याने. माझा मुलगा गाडी घेऊन यायचाय. संध्याकाळपर्यंत येतो म्हणालाय. मला घरी सोड रे बाबा... तो येईल आणि मी नसेन."

देर्केनबाय रडायला लागला. त्या रडण्याला आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं. आणि म्हातारीने मान वळवली. हवेत हुंगल्यासारखं केलं.

"गाडीच्या तेलाचा वास येतोय," ती म्हणाली. तिचा चेहरा अकिलबेककडे होता. "देर्केन? तू आलास?"

मी ओरडले, "अकिलबेक! नाही म्हणा! नाही म्हणा!"

खोटं बोलायचं नाही म्हणून ज्याने दोनदा नोकरी घालवली, तो माझा नवरा. त्याने एकदा देर्केनबायकडे बघितलं. मग तो म्हणाला, "आलो, आपा. उशीर केला. माझं चुकलं. मला माफ कर."

"फार उशीर केलास," ती म्हणाली. मग अगदी हळू, "जाऊ दे. आलास ना."

तिने हात सोडवले आणि पुढे केले. अकिलबेक पाठमोरा झाला, तिच्यापुढे वाकला, आणि ते दोन हात त्याच्या गळ्याभोवती आले. मग वळून एका हाताने त्याने देर्केनबायच्या छातीला धरलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले, आणि त्याला पाण्याखाली नेलं. तो वर आला नाही. या वेळी अकिलबेकने त्याला शोधलंही नाही.

तो काठावर आला तेव्हा त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं. मी नीट बघितलं. नुसता भिजलेला सदरा. पण तो वाकून चालत होता, दोन्ही हात मागे घेऊन, प्रत्येक पाऊल जपून टाकत.

पुढच्या रविवारी त्याने मंडळीसमोर गुडघे टेकले आणि सांगितलं, की मी खोटं बोललो. कुणाशी, विचारल्यावर म्हणाला, एका म्हातारीशी. लोकांना गंमत वाटली, एवढ्याशा गोष्टीसाठी गुडघे! तो अजूनही उपदेश करतो. ज्याचं वाईट केलंत त्याच्या दारात जा, हे अजूनही सांगतो. मुदतीचं मात्र काही बोलत नाही. आणि बाप्तिस्मे आता आम्ही ओढ्यावर देतो.

बाकी सगळं ठीक आहे. जेवतो, झोपतो, पंप दुरुस्त करतो. पाठ दुखते का, विचारलं तर नाही म्हणतो. फक्त एक आहे. कुठल्याही दारातून आत येताना तो गुडघ्यांत खूप खाली वाकतो. आमचं दार त्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच आहे, तरी वाकतो. मी कधी विचारलं नाही.

परवा दुपारी कुणीतरी बोलवायला आलं म्हणून तो हत्यारं घ्यायला घाईत आत शिरला, वाकायचा विसरला. त्याचं डोकं चौकटीला लागलं नाही, लागणारच नव्हतं. पण वर, चौकटीवर, ठक्क आवाज झाला.

अकिलबेक जागच्या जागी थांबला. चेहरा पांढराफटक. मी थाळी घेऊन त्याच्या समोरच उभी होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"लागलं का?" त्याने हळूच विचारलं.

आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवली.