निकिताचं बाक

बोरी अरबच्या अलीकडे, दारव्हा रस्त्यापासून थोडं आत, काळ्या दगडाचं एक जुनं चर्च आहे. आतली एकूणएक वस्तू कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ दिलेली: मेणबत्त्यांची घरं, घंटा, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. घड्याळ बंद पडलं, की भागीरथाबाई आज रुसल्या, असं लोक खुशाल म्हणतात. विमलताई वीस वर्षं तिथलं पितळ घासत आलेल्या. गेलेल्यांच्या नावांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती.

नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, वर्षभरात आलेल्या वस्तूंवरची नावं पाळकसाहेब वाचतात. नाव आलं की घरच्या माणसानं उभं राहून ‘आहे’ म्हणायचं. गेलेलं माणूसही मंडळीतच आहे, असा त्याचा अर्थ. बाक दिलेलं असेल तर त्या सकाळी त्यावर कुणी बसत नाही.

यंदा नवं बाक आलं ते विमलताईंच्याच घरून. त्यांच्या नवऱ्यानं, वामनरावांनी, त्यांना न विचारता ते सागवानाचं करून घेतलं आणि पितळी पट्टीवर लेकीचं नाव कोरून आणलं. निकिता पाच वर्षांपूर्वी लग्नावरून भांडून घराबाहेर पडली होती. त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. विमलताईंनी तेव्हा तिला थांबवलं नव्हतं. उलट आतून कडी लावून घेतली होती. त्या कडीचा आवाज अजून त्यांची झोप उडवायचा.

“जिती असती तं एखांदा फोन केला असता,” वामनराव म्हणाले. “किती दिस वाट पाहशीन? आता नाव वाचू दे तिचं.”

“वाचू द्या. मी ‘आहे’ म्हननार नाई. माही पोरगी मेली नाई.”

नाव वाचलं की नव्या बाकावर त्या नावाचं गेलेलं माणूस येऊन बसतं, असं मंडळीतली म्हातारी मानीबाई सांगायची. विमलताई ते हसण्यावारी न्यायच्या. यंदा मात्र त्यांनी तेच घट्ट धरलं. बाक रिकामं राहिलं म्हणजे पोर कुठंतरी सुखरूप आहे. सकाळी त्यांनी स्वतः ते कोरड्या फडक्यानं पुसलं. बाहेर कापूसवेचणीचं लख्ख ऊन होतं. दसऱ्यापासून पावसाचा थेंब नव्हता.

नावं सुरू झाली. किसनसिंगचं नाव आलं आणि मागून त्याचा मुलगा ‘आहे’ म्हणाला. मग निकिताचं आलं. वामनरावांनी बायकोकडे पाहिलं. विमलताईंनी ओठ मिटून घेतले.

पाळकसाहेबांनी नाव पुन्हा वाचलं.

नवं बाक कुरकुरलं.

ताजं लाकूड आहे, उन्हानं ताणलं असेल, असं विमलताईंनी स्वतःला बजावलं. मग गाळाचा वास आला. पूर ओसरल्यावर नदीकाठी येतो तो.

वामनरावांनाही तो आला असावा. त्यांनी वळून बाकाकडे पाहिलं.

विमलताई उठल्या आणि बाकापाशी गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही.

सागवानावर ओल होती. बसलेल्या माणसाएवढी, कडांनी अजून पसरत चाललेली. पाच वर्षं उराशी धरलेली आशा तिथं संपली. आता कशाची वाट पाहायची, हे त्यांना कळेना.

“आहे,” त्या म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाल्या.

पदरानं ओल पुसायला त्या वाकल्या, तेव्हा तिला लागूनच दुसरी दिसली. जेमतेम वीतभर.

खाली फरशीवर ओली पावलं एकाच जोडीची होती. लहानग्याचे पाय जमिनीला पुरत नसावेत.