सांतियागो ते नागपूर, वीस मिनिटं

सांतियागोहून नागपूर वीस मिनिटांवर आलं, तेव्हापासून नागपूरच्या विमानतळावर न्हाव्यांची चलती होती. उतरणारा प्रत्येक पुरुष जंगलासारखी दाढी घेऊन बाहेर येई आणि आधी खुर्ची गाठी. कुमुदिनीबाई ठवरे हे पहिल्यांदाच पाहत होत्या, त्यांना हसू आवरेना. लेक ऋजुता आत्ताच तिकडून फोनवर म्हणाली होती, "निघते, आई." पहिलं बाळंतपण माहेरीच, हा हट्ट बाईंचा. जुन्या विमानानं दीड दिवस पोरीचे हाल कशाला, म्हणून हे तिकीटही त्यांनीच काढलेलं.

शेजारच्या बाकावर या मार्गाच्या शास्त्रज्ञ डॉ. हर्षदा मोहरील डबा खात होत्या.

"अवो मॅडम, वीस मिनिटांत एवढी दाढी काहून वाढते?"

"वीस मिनिटं आपली. त्यांचे अडीच महिने." मोहरीलांनी बाईंच्या साडीकडे बोट केलं. "या निऱ्या बघा. एवढं कापड वीतभर जागेत बसलं, पण कमी झालं का? दोन शहरांमधलं अंतर आम्ही असंच चुणून घेतो. आकुंचन-मार्ग म्हणतात त्याला. बाहेरून वीतभर दिसतं, आतल्याला सगळं कापड चालावंच लागतं. म्हणून सगळ्यांना औषधानं झोपवतो, नळीतून अन्न देतो. वय वाढतं, कळत मात्र नाही."

बाईंचं हसू गेलं. "आणि पोटातलं लेकरू?"

"तेही वाढतंच की! म्हणून तर पाचव्या महिन्यापुढे आम्ही कुणाला घेत नाही."

"माझी लेक येऊन राहिली." बाई ताडकन उठल्या. "पाचवा सांगितला आम्ही. पण सातवा सरलाय जी तिचा! दृष्ट लागू नये म्हणून सगळ्यांनाच दोन महिने कमी सांगत आलो. पोरीनंही माझीच री ओढली. जळली मेली माझी जीभ! थांबवा ते विमान!"

मोहरीलांचा घास हातातच राहिला. "मार्गात शिरलंय, बाई. आता थांबत नाही."

"मग डॉक्टरला तरी उठवा!"

"आत जागं कुणीच नसतं. निरोपही पोचत नाही. कळा सुरू झाल्या, तर झोप उतरेल तिची. एवढंच सांगू शकते."

बाईंनी मोहरीलांचं मनगट घट्ट धरलं. मिनिटकाटा एक घर सरकला की तिकडे पोरीचे चारेक दिवस जात होते. आता नववा लागला असेल. आता कळा येत असतील. देवा, माझं आयुष्य घे, पण तिला सुखरूप आण!

दार उघडलं. दाढीवाले जांभया देत बाहेर पडले. सर्वांत शेवटी ऋजुता आली. खंगलेली, डोळे खोल गेलेले, ओढणीत गुंडाळलेलं बाळ छातीशी.

"ऋजू! सुटलीस गं माझी बाय!" बाई रडतच धावल्या.

"किती हाका मारल्या तुला, आई."

"अगं, आत्ताच तर फोन ठेवला..."

"महिना झाला मला जागी होऊन. सगळं विमान झोपलेलं आणि मी एकटी. कुणाकुणाला गदागदा हलवलं, कुणी उठलं नाही. नाळ मीच कापली. बाराव्या दिवशी बारसंही केलं."

बाईंनी बाळासाठी हात पुढे केले. ऋजुता दोन पावलं मागे सरली.

"नको, आई. तिला दुसऱ्या माणसाची सवय नाही." ती थांबली. "मलाही राहिली नाही."