पाठीवरचा हात

दार लोटून घ्या रे आधी. आणि मध्येच कोणी "काका, थापा मारू नका" म्हणालं, तर मी तिथेच उठून झोपायला जाणार, सांगून ठेवतो. गोष्ट माझ्या साडूची आहे, तो बेकरीवाला. तिखटमीठ लावून मला काही बक्षीस मिळणार नाहीये.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुपारी चारला साडू बेकरी बंद करून सायकलवर दवाखान्यात गेला, मलमपट्टीचा डबा आणायला. तो कॅरिअरला बांधला आणि तसाच मैदानावर पोचला. तिथे चाळीस सायकली उभ्या होत्या, त्याची धरून. दोनशे किलोमीटरचा फेरा मारून सकाळी सातच्या आत दवाखान्याच्या फाटकाशी परत यायचं होतं. दवाखान्याला डायलिसिसचं मशीन हवं होतं आणि एका कारखान्याच्या मालकीणबाईंनी शब्द दिला होता, चाळीस जण निघा, चाळीसच्या चाळीस परत या, मशीन माझ्याकडून. एक जरी कमी आला तर मशीन नाही. कोणाला मागे टाकून आलेलं त्यांना चालणार नव्हतं.

त्या मशीनसाठी साडूचा जीव टांगणीला लागला होता. त्याची लेक अकरा वर्षांची, दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा बसने नव्वद किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. येताना पोरगी आईच्या मांडीवर नुसती पडून असायची. डॉक्टरांनी साडूला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, हा प्रवास तिला फार दिवस झेपणार नाही.

आता अशा फेरीत सगळ्यांच्या मागे एक जाणता माणूस ठेवतात. पंक्चर काढायला, दमलेल्याला धीर द्यायला. त्याला म्हणतात झाडू. भट्टीपुढे रात्र रात्र जागायची सवय, म्हणून ते काम याच्या गळ्यात पडलं. साडूचा झाडू झाला म्हणून सगळ्यात जास्त मीच हसलो होतो. झाडूला नियम एकच, शेवटच्या माणसाला ओलांडायचं नाही. तो थांबला तर थांबायचं, रडला तर ऐकून घ्यायचं, पण पुढे जायचं नाही.

शेवटचा होता पोस्टमन. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो सायकलवरून उतरला आणि रस्त्यातच बसला.

"बस झालं, दादा. गुडघा वळत नाहीये."

साडूने गुडघा चोळला, पट्टी बांधली, पाणी पाजलं. "चालत चला," म्हणाला. "दोन्ही सायकली मी ढकलतो."

"नाही हो जमत."

"पाया पडतो तुमच्या. माझ्या पोरीचा जीव आहे हो यात!" आणि खरंच त्याने डांबरावर गुडघे टेकून पोस्टमनच्या पायांवर डोकं ठेवलं. पोस्टमनही रडायला लागला. पण गुडघा सुजून टम्म झाला होता, रडून काय होणार? मागून दुधाचा टँकर आला. ड्रायव्हरने पोस्टमनला उचलून आत बसवलं, सायकल वर टाकली आणि साडूलाही चला म्हणाला. साडू नाही म्हणाला. एवढ्या लवकर घरी जाऊन पोरीला सांगायचं तरी काय?

टँकर गेला. उरले एकोणचाळीस. बाकीचे सगळे केव्हाच पुढे निघून गेले होते. साडू एकटाच पॅडल मारत होता आणि हमसून हमसून रडत होता. भर रस्त्यात मोठ्याने ओरडला, "एक माणूस दे रे देवा! एकच! कोणीही चालेल!"

ते 'कोणीही' त्याने म्हणायला नको होतं.

तीनला दहा कमी असतील. समोर, चढाच्या पायथ्याशी, लाल दिवा दिसला. सायकलचा. कोणीतरी अगदी सावकाश चाललं होतं.

साडूला आधी आनंदच झाला. वाटलं, मोजण्यात आपलीच चूक झाली असणार. त्याने वेग वाढवला, जवळ गेला. हाक मारली. उत्तर नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. त्या सायकलीचा आवाजच नव्हता. साखळीचा नाही. टायरचा नाही. आणि दम लागल्याचाही नाही...

पाय हलत नव्हते.

साडूने ब्रेक दाबला. पुढची सायकलही थांबली. साडू हळूच बाजूने निघू लागला, तसा आवाज आला. थकलेला. माणसाचाच.

"ओलांडू नका."

साडू जागच्या जागी गोठला.

"मागच्या वेळचा झाडू... अंधारात... पुढे निघून गेला."



पोरांनो, तुम्ही काय केलं असतं? सायकल टाकून धूम ठोकली असती. तोही ठोकणार होता. पण त्या क्षणी त्याच्या मनात दुसरंच आलं. फाटकाशी शाळेतले पी.टी.चे सर बसलेत, ते फक्त डोकी मोजतात. यालाही मोजतील ना?

"नाही ओलांडत," साडू म्हणाला. "पण तू शेवटपर्यंत चल. माझ्या लेकीसाठी चल."

"चढ आहे..."

दमलेल्याला कसं नेतात, ठाऊक आहे? एका हाताने आपलं हँडल धरायचं, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवायचा आणि ढकलायचं. साडूने उजवा हात ठेवला.

सदऱ्याखाली ऊब नव्हती. श्वास नव्हता. काहीच नव्हतं.

"हात काढू नका..."

नाही काढला. चढ संपला, उतार आला, पुन्हा चढ. खांदा भरून आला. बोटं कळेनाशी झाली. साडू मान खाली घालून फक्त पोरीचं नाव घेत होता. तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही त्याने.

सहा चाळीस. अजून नीट उजाडलं नव्हतं. दवाखान्याचं फाटक आलं आणि हाताखालचं ओझं एकदम नाहीसं झालं.

"एकोणचाळीस... आणि तुम्ही चाळीस!" सर ओरडले. "शाब्बास! दमवलंत बुवा आम्हाला!"

"माझ्या पुढचा... कुठे गेला?"

"गेला की आत. चहाला गेला असेल."

साडूने पोस्टमनचं नावच काढलं नाही. पोस्टमन शरमेने आठ दिवस घराबाहेर पडला नाही, आणि त्यालाही कोणी काही विचारलं नाही. महिन्याभरात मशीन आलं. पोरीच्या गालांवर रंग दिसायला लागला. साडू बेकरीत शीळ घालायला लागला, म्हणजे बघा.

परवा मी तिला बघायला गेलो होतो. चार चार तास रक्त बाहेर फिरून आत येतं, त्यात माणसाला थंडी वाजते. ती दोन पांघरुणं घेऊन पडली होती. "बाबा, हात धरा," म्हणाली. साडू पुढे झाला आणि त्याने तिचा हात आपल्या उजव्या हातात घेतला.

पोरीने झटकन हात सोडवून घेतला.

"हा नको, बाबा," ती म्हणाली. "तुमचा द्या ना."