गरज नसेल तर विकत नाही

पहिल्या नजरेचं प्रेम माणसाला आयुष्यात एकदाच होतं आणि ते शेवटपर्यंत पुरतं. शिवलीलाचं ते नवी पेठेत झालं, भर दुपारी, चौदाव्या पिढीच्या एका प्रोसेसरवर. काचेच्या कपाटात तो असा ऐटीत बसला होता की तिनं काचेला नाकच टेकवलं. कपाटामागे एक तरुणही बसला होता, पण त्याच्याकडे लक्ष जायला तिला आणखी चार मिनिटं लागली.

खरं तर ती या दुकानात येणारच नव्हती. निघाली होती कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात. पण दुपारी नवी पेठेतली निम्मी दुकानं जेवायला घरी जातात, तसं तेही गेलं होतं. परत फिरताना समोरच्या जिन्यावर पाटी दिसली : 'नंदीश कॉम्प्युटर्स. गरज नसेल तर विकत नाही.' इतकी उर्मट पाटी तिनं उभ्या सोलापुरात पाहिली नव्हती. ती तडक वर गेली.

"हा द्या," तिनं कपाटाकडे बोट केलं.

"कशाला पाहिजे?" कपाटामागचा नंदीश म्हणाला.

"कशाला म्हणजे? कॉम्प्युटरमध्ये बसवायला."

"ते झालंच हो. काम काय करता?"

शिवलीलानं मान बोटभर वर केली. हा प्रश्न तिचा आवडता होता. "भिंतीवर लावायची विणलेली चित्रं असतात ना... तळं, तळ्यात देऊळ, पाण्यात देवळाची सावली? त्यांची डिझाइनं मी करते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत मागावर जे चढतं, त्यातलं निम्मं माझं असतं. कुठला धागा वर, कुठला खाली, सगळं कॉम्प्युटर मोजतो. आणि संध्याकाळी गाड्या पळवते."

"कुठं?"

"स्क्रीनवर. चुलतभावाला हरवायला."

हा चुलतभाऊ म्हणजे मंजुनाथ. त्याच्याकडे तेराव्या पिढीचा प्रोसेसर होता आणि बारसं असो की मुंज, तो पंगतीत त्याचीच माहिती वाढायचा. शिवलीलानं सगळ्या घरासमोर जाहीर केलं होतं की ती चौदावी पिढी घेणार. आता मागे सरणं म्हणजे पुढची दहा लग्नं मान खाली घालून जेवणं.

"मग तेरावी घ्या," नंदीश शांतपणे म्हणाला. "दोघी सख्ख्या बहिणी. धाकटीला नवा परकर शिवलाय, एवढाच फरक."

"बाई आहे म्हणून खालचं दाखवताय?"

"नाही. गिऱ्हाईक आहात म्हणून पुरेसं दाखवतोय."

त्या वेळी तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डोळे बरे होते. बोलणं मात्र दुरुस्तीला आलेलं होतं.

त्यानं दोन कॅबिनेटं शेजारी ठेवली, एकात तेरावी, एकात चौदावी, बाकी सगळं सारखं. आधी गाडी पळवायला दिली. तेरावीवर सेकंदाला एकशे ऐंशी चित्रं पडद्यावर येत होती, चौदावीवर एकशे पंच्याऐंशी.

"ती वरची पाच दिसली का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"दिसली की."

शिवलीला खोटं क्वचितच बोलायची, पण माघार त्याहून क्वचित घ्यायची.

"खेळाचं सोडा," ती म्हणाली. "माझं काम लावून बघू. चौदावी एका मिनिटानं तरी पुढे आली, तर तुम्ही ती पाटी उतरवायची. स्वतःच्या हातानं."

नंदीशनं तिच्याकडे पाहिलं. ती पाटी म्हणजे त्याची सगळी इस्टेट होती. मोठ्या कंपनीची नोकरी सोडून तो गावात परतला, तेव्हा मामानं विचारलं होतं, "दुकानात वेगळं काय असणार तुझ्या?" त्यावर त्यानं ती रंगवून घेतली होती. पाटीमुळे गिऱ्हाईक कमी यायचं. आलेलं मात्र कुठं जायचं नाही.

"आणि नाही आली तर?"

"तर तेरावी घेईन. आणि मंजूला तोंडावर सांगेन, तुझंच बरोबर."

"हे जास्त अवघड दिसतंय," नंदीश म्हणाला, आणि हसला. तिनं ते हसणंही नीट पाहून घेतलं.

दिवस खंडेनवमीचा ठरला. त्या दिवशी माग बंद, म्हणजे तिला सवड. मधल्या आठ दिवसांत ती चार वेळा दुकानात येऊन गेली. एकदा माऊसखालची चटई घ्यायला, एकदा ती बदलायला, एकदा बदललेली पुन्हा बदलायला. चौथ्या वेळी कारण आठवलंच नाही, तर म्हणाली, "पाटी आहे का बघायला आले."

"आहे अजून. तुमची चटई कशीय?"

"पुरते," ती म्हणाली. त्या शब्दावर दोघंही उगाच लाजले.

खंडेनवमीला नंदीशच्या आई, गंगम्मा, पूजेचं ताट घेऊन दुकानात आल्या. स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, प्रिंटर, सगळ्यांना विभूतीची तीन बोटं लागली. मग त्यांनी शिवलीलाला आपादमस्तक पाहिलं. पोराच्या दुकानात चार-चारदा येऊन नुसती चटई घेणारी मुलगी कोण, हे कळायला त्यांना पूजेची वाट बघावी लागली नव्हती.

"बा यव्वा, ये, बस की," त्या म्हणाल्या. "तू बी लाव विभूती. हार मातर एकच उरलाय. ह्या दोन पेट्यांत मानाची कुठली?"

"चौदावी, अव्वा," नंदीशनं सांगितलं. वैऱ्याचा मान राखण्याइतका तो सभ्य होता.

"मग तूच घाल गं. लक्ष्मीच्या हातानं."

शिवलीलानं झेंडूचा हार घेतला. चांगला मनगटाएवढा जाड होता. तिनं तो दुहेरी केला, कॅबिनेटच्या तोंडाशी धरला, क्षणभर थांबली... आणि मग अगदी मधोमध, नीट चापून बसवला. गंगम्मा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा ठेवून घरी गेल्या.

तळ्यातल्या देवळाचं डिझाइन दोन्हीकडे एकदमच सुरू झालं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर कडकडत होतं. भाकरी दोघांच्या मध्ये होती. ती मोडायला दोघांचे हात एकदमच पुढे आले आणि एकदमच मागे गेले.

"तुम्ही घ्या..."

"नाही, तुम्ही..."

"कुणीतरी घ्या की," ती म्हणाली, "नाहीतर देऊळ तयार होईल आणि भाकरी तशीच."

बारा मिनिटांनी तेरावीवर देऊळ उभं राहिलं, पाण्यातल्या सावलीसकट. चौदावीचं अजून कळसाखाली घुटमळत होतं. तिचा पंखा दमेकऱ्यासारखा ओरडत होता. ती पोचली तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती.

"जिंकलात," शिवलीला उभी राहिली. "तेरावी बांधून द्या. मंजूला फोन लावते."

नंदीश मात्र जागचा हलला नाही. दुकानात झेंडूचा वास भरला होता, ताज्या फुलांचा नव्हे, उकडलेल्या फुलांचा. त्यानं वाकून पाहिलं. वारा आत ओढायची जाळी हारानं पुरती झाकली होती. पाकळ्या भोकांत जाऊन चिकटल्या होत्या. चौदावी तापून स्वतःच हळू झाली होती.

तो सरळ उठला. पूजेतला स्क्रू-ड्रायव्हर घेतला, स्टूल उचललं, आणि जिना उतरून पाटीखाली मांडलं.

शिवलीला धावत खाली आली. "अहो... काय करताय?"

"पाटी उतरवतोय." पहिला स्क्रू सुटला. "हारानं तिचा श्वास कोंडला होता. हे जिंकणं खरं नाही, म्हणजे मी हरलोच. आणि खोटं मी या पाटीखाली विकत नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का? गप्प बसला असता तर मला कळलं असतं?"

"मला कळलं असतं." दुसरा स्क्रू सुटला. पाटी एका बाजूला कलली.

रस्त्यावरची रिक्षा थांबली. समोरचा साडीवाला बाहेर आला. शिवलीलानं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि ती खालमानेनं म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय?"

"आमच्या मागाच्या मोटरवर कुणी चादर वाळत टाकली, तर बाबा गल्ली डोक्यावर घेतात. मोटरला वारा लागतो, हे मला सहा वर्षांची असल्यापासून माहितीय." तिनं साडीवाल्याकडे पाठ केली. "हार मी बघूनच बसवला."

नंदीश स्टुलावर तसाच उभा राहिला. "हरायला? तुम्ही?"

"मी आजवर कुणापुढं हरले नाही," ती म्हणाली, आणि आता मान पुन्हा बोटभर वर गेली. "मंजूपुढं तर न्हाईच न्हाई. पण ही पाटी खाली आलेली... मला बघवली नसती. झालं समाधान? आता ते स्क्रू बसवा."

"तुझ्यासारखी माणसं असतील," नंदीश म्हणाला, आणि 'तुम्ही' कधी निसटलं ते त्यालाही कळलं नाही, "तर मला पाटीची गरजच काय?"

"गरज नसेल तर विकू नका. पण लावून ठेवा की. मला आवडते ती." मग हळूच, "तीपण."

साडीवाल्यानं रिक्षावाल्याला काय झालं ते विचारलं. रिक्षावाला म्हणाला, "जमलं." संध्याकाळपर्यंत ते गंगम्मांना आणि रात्रीच्या जेवणाआधी मंजुनाथलाही कळलं. स्क्रू पुन्हा बसवून दोघं वर आले तेव्हा नंदीशची मान ताठ होती, कारण अशी मुलगी त्याच्यासाठी हरली होती. आणि शिवलीलाची त्याहून ताठ होती, कारण असा माणूस जिंकूनही पाटी उतरवायला निघाला होता.

मग हार काढला, जाळी पुसली आणि तेच डिझाइन दोन्हीकडे पुन्हा लावलं. चौदावी पुढे निघाली, पण अकराच सेकंदांनी; पैजेच्या मिनिटाला ते पुरले नाहीत.