सेल गियरला दिला

पठारापलीकडच्या खिंडीत एक दगडी खांब आहे आणि तिथली उंची नकाशात चुकीची छापलेली आहे, असं माझे सासरे, म्हणजे आबा, गेली अडतीस वर्षं सांगत आले आहेत. खांब त्यांनीच उभा केलेला. तेव्हा ते मोजणी खात्यात नवे होते. त्यांनी मोजली एक हजार चारशे बारा मीटर. साहेबांनी सही करताना केली एक हजार चारशे सत्तावीस. पंधरा मीटरचा तो फरक आबांच्या मनात खड्यासारखा रुतून बसला होता. तो काढून टाकायला आम्ही तिघं सायकलवरून निघालो. तीन दिवस, एकशे ऐंशी किलोमीटर, खडी, ओढे आणि शेवटी उघडा डोंगरकणा!

पण खरं पणाला लागलं होतं ते वेगळंच.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या तळमजल्यावर आहे. आबांच्या दोन्ही हातांची बोटं संधिवाताने धरली, तेव्हापासून त्यांची रुंद टायरची, खडीच्या रस्त्यावर चालणारी सायकल दुकानाच्या भिंतीवर टांगलेली होती. ब्रेक एका बोटाने लागत. तारेचा गियर मात्र लिव्हर चांगली आत ढकलल्याशिवाय बदलत नसे, आणि तेवढी ताकद बोटांत उरली नव्हती. रोज सकाळी ते खाली यायचे, टायर दाबून बघायचे, हवा भरायला सांगायचे आणि वर जायचे. कोणी चालवत नसलेल्या सायकलमध्ये दोन वर्षं हवा भरली मी! शेवटी मलाच बघवेना. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तो इलेक्ट्रॉनिक गियर मागवला आणि बसवून टाकला. तार नाहीच. लिव्हरवर वरखाली दाबता येणारं एक बटन, आत नाण्याएवढा चपटा सेल. बटनाला बोट लागलं की निरोप हवेतून मागच्या चाकापाशी जातो आणि तिथला डिरेलर, म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा धातूचा हात, आपल्या बॅटरीवर झिर्र करून सरकतो.

आबांनी पहिल्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या चाळीस वेळा बटन दाबलं. "घंटीपेक्षा हलकं आहे, सूनबाई," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

माझी नणंद, म्हणजे ताई, दातांची डॉक्टर. किडलेलं शोधायची सवय अशी की घरी आली तरी सुटत नाही. तिने डिरेलरकडे पाहिलं, पेटीवरची किंमत पाहिली आणि नाक मुरडलं. "एवढ्याशा पैशात येणाऱ्या खेळण्यावर आबांना डोंगरात नेणार तू? मीही येणार. आणि आबा, ऐका. रस्त्यात एकदा जरी हे बंद पडलं, तरी परत आल्यावर सायकल विकायची. कबूल?"

"कबूल!" आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले.

माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान दुकानातल्या काट्यावर ग्रॅमपर्यंत तोलून घेतलं. टूथब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापली. ताई हसत होती, पण माझ्या पेशातली माणसं अशीच असतात. वजन दिसलं की आमच्या हाताला खाज सुटते.

पहिला दिवस धुळीत गेला. पिठासारखी मऊ, पांढरी धूळ. चेनवर, दातांत, पापण्यांवर. ताईच्या तारेच्या गियरमधून दुपारपासून करकर येऊ लागली. आबांच्या मागून मात्र दर चढाला तेच झिर्र, झिर्र. आबा तर चढ नसतानाही गियर बदलत होते. "आबा, बॅटरी संपेल," मी ओरडले. "मग भर की रात्री!" मागे वळूनही न बघता उत्तर आलं. सत्तरी गाठलेला माणूस शाळा सुटल्यासारखा पळत होता.

दुसऱ्या दिवशी ओढा आडवा आला. पाणी गुडघाभर, तळाला शेवाळलेले गोटे. मी म्हटलं, उतरून ढकलू. आबांना ते कमीपणाचं वाटलं. ते शिरले. अर्ध्यात पुढचं चाक घसरलं आणि धप्प! आबा एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, आणि डिरेलर सरळ खडकावर!

आबा हसत उठले. मी नाही हसले. माझी नजर पाण्याखालच्या त्या काळ्या डबीवर खिळली होती. बाहेर काढलं तर डिरेलर ज्याला टांगलेला असतो ती पट्टी आत वाकलेली आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण उघडून आत चिखल बसलेला.

"झालं?" ताईने कमरेवर हात ठेवले.

"थांबा हो ताई!"

पट्टी मी एलन की नावाची जाड षटकोनी चावी लावून, श्वास रोखून, कणाकणाने सरळ केली. ती मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे धक्का बसला की ती वाकते आणि मोटार वाचते. पण भोकातला चिखल निघेना. सुई घालायची छाती होईना. तेवढ्यात ताई खाली बसली, पिशवीतून दातांच्या फटी साफ करायचा इवलासा ब्रश काढला आणि कपाळावर दिवा चढवून डिरेलरवर वाकली. "आ कर," ती त्याला म्हणाली! पाच मिनिटांत भोक लख्ख झालं. मी कोरडं फडकं फिरवलं, झाकण घट्ट बसवलं आणि आबांना म्हटलं, दाबा.

झिर्र!

चेन एक चक्र चढली, थोडी कुरकुरली. लिव्हरवरूनच डिरेलर केसभर आत घ्यायची सोय होती. दोन वेळा टिचक्या मारल्या आणि कुरकुर बंद! खरं सांगते, त्या स्वस्त डबीचा मला इतका अभिमान वाटला की मी तिला थोपटलं. ताईनेही थोपटलं, पण मी बघत नाही असं समजून.

संध्याकाळी तळ्याकाठी पोचलो. तिथल्या दगडावर मोजणी खात्याने उंची कोरलेली आहे. आबांनी खिशातून हातघड्याळाएवढं उंची मोजायचं यंत्र काढलं, त्या आकड्यावर लावलं आणि तीन वेळा तपासलं. आता हे यंत्र खिंडीत न्यायचं, आकडा वाचायचा, अडतीस वर्षांचा हिशेब मिटला. यंत्र खिशात ठेवून ते आपल्या सायकलपाशी गेले. दव पडायला लागलं होतं. त्यांनी हँडलला फडकं गुंडाळलं आणि वरून चामडी पट्टा आवळून बक्कल लावलं. उभ्या नोकरीत मोजणीच्या दुर्बिणी ते असेच निजवत आले होते. मी ते कौतुकाने पाहिलं आणि तंबूत शिरले. डोकं तिथे चालायला हवं होतं माझं!

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पट्टा सोडला, पेडल मारलं आणि चेन खडखडत सगळ्यात लहान, सगळ्यात जड चक्रावर जाऊन बसली. बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. लिव्हरवरचा दिवा लागेना.

"संपलं," ताई म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, तेवढं मी तिच्या बाजूने सांगते.

पण माझ्या मनात एक गोष्ट खटकत होती. काल रात्री चेन मी मधल्या चक्रावर ठेवली होती. मग डिरेलर शेवटाला गेला कसा? लिव्हर जवळ घेऊन पाहिली. बटनाच्या रबरावर बक्कलचा चौकोनी ठसा उमटला होता.

"आबा, पट्टा कुठे आवळला होता तुम्ही?"

आबांनी ठशावरून बोट फिरवलं. मग ताईकडे वळून म्हणाले, "बंद पडला नाही गं तो. मी त्याला रात्रभर हाका मारत ठेवलं. बटन दाबलेलं होतं, बिचारा सेल पहाटेपर्यंत निरोप पाठवत राहिला असणार." महागड्या गियरमध्ये अशा वेळी आपोआप झोपी जायची सोय असते म्हणे. आमच्यात नव्हती.

"काळजी नको, जादा सेल आहे," म्हणत मी ऐटीत सामानातली सेलची डबी उघडली. डबी रिकामी! आणि त्याच क्षणी आठवलं. सामान तोलताना दुकानातल्या काट्याचा सेल मध्येच मेला होता. मी हाताशी होता तो जादा सेल काट्यात घातला होता, आणि मग शांतपणे टूथब्रशची दांडी तोलली होती. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं मला!

मागे पाहिलं तर तळ्यावर शाईसारखा काळा ढग उठत होता. पुढे चौदा किलोमीटरचा उघडा कणा, मग खिंड, आणि खिंडीखाली तीन किलोमीटरवर वनरक्षकांची दगडी खोली. वाटेत झुडूपही नाही. मागे जावं तर ओढा फुगणार. डिरेलरच्या अंगावरही एक बटन असतं, पण ते वापरायचं तर दर चढाला उतरायचं, वाकायचं, पेडल हाताने फिरवायचं, आणि तो कणा करवतीच्या दातांसारखा वरखाली जात होता. त्या वेगाने वीज आम्हाला उघड्यावर गाठणार होती.

आबांनी खिशातून उंचीचं यंत्र काढलं. नाणं घालून मागचं झाकण फिरवलं. आतला सेल त्याच मापाचा होता.

"आबा, नका! सेल काढला की कालचा तळ्याचा आकडा पुसला जाईल."

"ठाऊक आहे. यंत्र माझं आहे, तुझं नव्हे."

"अडतीस वर्षं..."

"वादळात हवेचा दाब पडतो, सूनबाई. आकडा तसाही खोटाच आला असता. घाल तो लवकर!"

ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, हे मला आजही कळलेलं नाही. मी सेल बसवला. हिरवा ठिपका लागला. झिर्र! चेन मोठ्या चक्रावर चढली आणि आम्ही सुटलो.

चढ! झिर्र. उतार! झिर्र. वारा बाजूने ढकलत होता. आबांची वाकडी झालेली बोटं त्या बटनाला फक्त शिवत होती आणि मागचा डिरेलर, आपटलेला, बुडालेला, चिखलाने माखलेला, एकदाही चुकत नव्हता. दहा किलोमीटर झाले. अकरा. आणि मागून टणकन् आवाज आला!

ताई थांबली होती. तिच्या लिव्हरच्या आत तार तुटली होती. चार वर्षं मी सांगत होते, ताई, तार बदलून घ्या. चार वर्षं ती म्हणत होती, चालतंय की! आता तिचा गियर जड चक्रावर अडकला होता, आणि नवी तार ओवायला वेळ नव्हता. ढग डोक्यावर आला होता.

"तुम्ही पुढे व्हा!" ती ओरडली. सामानाच्या ओझ्याने सायकल तिला ढकलवत नव्हती.

आबा वळले. तिच्यापाशी येऊन थांबले. "पिशवी इकडे दे."

"आबा, तुमचे हात..."

"हाताने उचलणार नाहीये. सायकलवर बांधणार आहे. माझ्याकडे हलका गियर आहे, तुझ्याकडे आहे का? दे!"

तिने दिली. मी दोऱ्या आवळल्या. आबांनी बटनावर बोट टेकवलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि लेकीचं ओझं घेऊन ते चढाला लागले. ताई रिकामी सायकल ढकलत त्यांच्या मागे धावू लागली. मी सर्वात शेवटी. समोर एक सत्तरीचा माणूस आपल्या थकल्या पायांनी भरभर पेडल फिरवत होता, आणि मला भीती वाटायची सोडून नुसतं बघत राहावंसं वाटत होतं.

खिंड आली. खांब आला. पुरुषभर उंचीचा, एका कडेला शेवाळ धरलेला. आबा थांबले नाहीत! जाता जाता त्यांनी हात लांब करून खांबावर एक थाप मारली आणि उताराला लागले. आम्ही दगडी खोलीचं दार आत ढकललं तेव्हा पहिली वीज कण्यावर उतरली. मागोमाग गारा! छपरावर कुणी खडी ओततंय असा आवाज.

मी आबांच्या डिरेलरवरचा चिखल पुसला, झाकण पाहिलं, बॅटरी पाहिली. निम्मी शिल्लक होती. मग ताईच्या लिव्हरमधून तुटलेल्या तारेचे धागे चिमट्याने उपटायला घेतले. तिने न सांगताच कपाळावरचा दिवा माझ्यासाठी धरला.

आबा कोपऱ्यात बसून आपल्या जुन्या मोजणीवहीत लिहीत होते. बोटं दुखत होती म्हणून अक्षर मोठं मोठं येत होतं. लिहून झालं तशी त्यांनी वही ताईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता विकायचं तर विक. नोंद खरी आहे. सकाळी बंद होता तो. चूक कोणाची, ते खाली लिहिलंय."

मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

"खिंडीतला खांब. उंची: मोजली नाही. कारण: रात्री पट्टा मी बटनावर आवळला. सेल गियरला दिला."

ताईने ते दोनदा वाचलं. मग आबांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या ओळीखाली, औषधाच्या चिठ्ठीवर लिहिते त्या अगम्य अक्षरात काहीतरी खरडलं. वही परत दिली. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, शेवटी हरून माझ्याकडे सरकवली.

"वाच गं. डॉक्टरांचं मला लागत नाही."

मी वाचून दाखवलं. "पुढच्या वर्षी मोजणे. जादा सेल चार. पट्टा घरी ठेवणे."