जैतूनबीची ओढणी

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला पटत नसेल त्यानं राहुरीकडे यावं आणि आमच्या गावात माझं नाव विचारावं. मुमताज म्हटलं की लोक आता तोंड वाकडं करतात. तेवढा पुरावा पुरे.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्री बाराला सुरू होतात. माझी भर दुपारी सुरू झाली. गुरुवार, १८ जानेवारी २०२४. असरच्या नमाजाच्या आधी.

मी गुसल देते. म्हणजे आमच्यात बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायची आणि कफन नेसवायचं, हे माझं काम. सासूनं शिकवलं. पंचवीस वर्षं झाली. या कामाचा एक नियम आहे. मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते तिथंच झाकायचं. डाग असो, जखम असो, बाहेर एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही तिचं झाका, अल्ला तुमचं झाकेल.

त्या दिवशी जैतूनबी गेल्या होत्या. वय ऐंशीच्या वर. थोरला मुलगा अजीज आणि त्याची बायको पुढच्या खोल्यांत राहायचे. धाकटा मुलगा फैयाज अपघातात आधीच गेलेला. त्याची विधवा इन्शा मागच्या खोलीत जैतूनबींचं सगळं करायची. तीन वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या. हगणं-मुतणं सगळं त्या पोरीनं काढलं.

जैतूनबींच्या दोन सोन्याच्या पाटल्या होत्या. साऱ्या गावाला माहीत होत्या. ईदला मी भेटायला गेले की त्या हसून म्हणायच्या, "मुमताज, घाल बघू. तुज्या हाताला लई शोभत्यात."

मी घालायची. थोडा वेळ हात फिरवून बघायची. मग काढून द्यायची.

तेवढंच सोनं माझ्या हाताला लागलं आयुष्यात.

तर त्या दुपारी इन्शा गरम पाणी आणायला बाहेर गेली. आडोशाला चादर बांधलेली होती. चादरीआड मी आणि जैतूनबी, दोघीच. अंगावरचे कपडे कात्रीनं कापून काढायचे असतात. आतली चोळी, आम्ही कबजा म्हणतो, ती कापताना कात्री कशाला तरी अडली...

आत चोरखिसा शिवलेला होता.

दोन्ही पाटल्या त्यात.

मी हाक मारायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण हाक काही बाहेर आली नाही.

उतरवलेले कपडे आमच्याकडे गुसल देणारीच घेऊन जाते. ते गाठोडं कुणी सोडून बघत नाही. मी कबज्याची घडी केली आणि गाठोड्यात सारली. गरज होती म्हणून केलं, असं सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल. पण गरज नव्हती. नवऱ्याचा टेम्पो चालतो, घर चालतं. हाव होती. नुसती हाव.

इन्शा पाणी घेऊन आली. आम्ही बोरीच्या पाल्याच्या आणि शेवटी कापराच्या पाण्यानं त्यांना अंघोळ घातली. पाठीवर अंथरुणाच्या मोठ्या जखमा होत्या. इन्शा खाली मान घालून रडत होती. एकटीला त्यांना कुशीवर वळवणं जमायचं नाही. मी काही बोलले नाही. झाकलं.

बाईला कफनाची पाच कापडं लागतात. केसांवरची ओढणी आणि छातीवर बांधायचं कापड त्यातलीच. मी कापड हातानं फाडते. पंचवीस वर्षांत माझी धार कधी तिरकी गेली नव्हती. त्या दिवशी ओढणी फाडताना नजर गाठोड्याकडे गेली आणि कड कोपऱ्यात वाकडी झाली. मी ती तशीच त्यांच्या केसांवर घातली.

घरी येऊन पाटल्या ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी घातल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते.

मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

तीनदा... मग थांबला.

पुन्हा तीनदा... मग थांबला.

मी ओळखलं. घाईत अंघोळ करणारा माणूस असं पाणी घेत नाही. मय्यतीवर असं ओततात. सावकाश, मोजून.

जाऊन पाहिलं. मोरी कोरडी ठणठणीत. पण कापराचा वास मात्र भरून राहिला होता.

मनाला समजावलं, आपल्याच हाताचा वास असेल. चोराच्या मनात चांदणं.

आठव्या दिवशी माझा नवरा अझीम दळण करायला म्हणून डब्याशी बसला. मला काही कळायच्या आत त्यानं झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला. मी दारात उभी. त्यानं तळ खरवडला, पिशवी भरली आणि म्हणाला, "ज्वारी संपत आली गं."

बस. एवढंच.

तो गेल्यावर मी डबा उपसला. पाटल्या तिथंच होत्या.

पण पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या...

मी गुंडाळल्या नव्हत्या.

कापड ओलं होतं. ज्वारी कोरडी होती.

मी कापड सोडलं आणि ट्रंकेत कोंबलं. पाटल्या पुन्हा डब्याच्या तळाशी घातल्या आणि वर नवी ज्वारी ओतली. दर्ग्यावरून ताईत आणला. पाटल्या मात्र परत केल्या नाहीत. माणूस किती निगरगट्ट असतो बघा. भुताला भ्यायचं, पण सोनं सोडायचं नाही.

तिकडे अजीजच्या घरात उलथापालथ चालली होती. सगळं घर शोधून झालं आणि पाटल्या सापडेनात. बोट इन्शाकडे वळलं. अजीजची बायको पाण्याच्या नळावर मोठ्यानं सांगायची, "तीन वर्सं सेवा का केली, आता कळ्ळं! म्हातारी तिच्याच ताब्यात हुती ना?"

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. तीन वर्षांत या बाईनं सासूला पाण्याचा पेला दिला नव्हता.

अजीजनं ठरवून टाकलं. चाळिसाव्या दिवसाला सगळी भावकी जमेल. सगळ्यांसमोर इन्शानं कुराणावर हात ठेवायचा आणि माहेरी चालतं व्हायचं. माहेर श्रीरामपूरला. तिथं आईबाप उरलेले नाहीत, एक भाऊ आहे. चोर म्हणून आलेली बहीण तो किती दिवस ठेवणार?

हे सगळं मला माहीत होतं. रोज कानावर येत होतं. मी रोज भाकऱ्या थापत होते.

इन्शा एकदा रस्त्यात भेटली. नुसती हाडं राहिली होती. म्हणाली, "खाला, तुमी तर हुतात तिथं. मी पाटल्या बघितल्या बी न्हाईत, एवढं तरी सांगा ना त्यास्नी."

मी म्हटलं, "सांगते."

सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर, भर दुपारी, अजीज आणि त्याची बायको माझ्या दारात उभे. बायकोच्या डोक्यात शेवटी आलंच होतं ते.

"भाभी, कपड्याचं गाठुडं तुमी नेलं हुतं. राग धरू नका. एकदा बगू द्या."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? तिनं ट्रंक उलटीपालटी केली. गादी झटकली. मग डब्याकडे वळली. दोघांनी मिळून डबा जमिनीवर उपडा केला. ज्वारी घरभर पसरली. तिनं दोन्ही हातांनी ढीग चिवडला.

मी गळ्यातला ताईत मुठीत धरला.

मागं मोरीत पाणी पडत होतं. तीनदा... थांबून पुन्हा तीनदा...

त्या दोघांना ऐकूच येत नव्हतं.

"काय न्हाई इथं," अजीज ओशाळून म्हणाला. "माफ करा भाभी. ती इन्शाच हाय. माज्या तर पैल्यापासून ध्यानात आलं हुतं."

ते गेले. पाण्याचा आवाज थांबला. मी मागं वळले.

ज्वारीच्या ढिगावर, अगदी मधोमध, पांढरी पुरचुंडी होती...

आंधळ्यालाही सापडली असती.

मी ती सोडली. आत पाटल्या. कापड या वेळी लांबलचक होतं. मी त्याच्या कडेवरून बोट फिरवत गेले आणि कोपऱ्यात थांबले.

कड वाकडी होती.

ती ओढणी होती. मीच फाडलेली. मीच जैतूनबींच्या केसांवर घातलेली.

मी ट्रंकेतून पडलेलं पहिलं कापड उचललं. ओलं होतं म्हणून तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. ते छातीवर बांधायचं कापड होतं.

मी ज्वारीत बसून राहिले. आधी वाटलं होतं, म्हातारी माझा सूड घेतेय. सूड कसला! माझ्यावर पकडलं जायची वेळ आली की ती स्वतःच्या अंगावरचं एकेक कापड काढून माझं पाप झाकत होती. मी चोरलेलं, आणि उघडी पडत होती ती.

तिनं मला घाबरवलं असतं ना, तर मी पाटल्या पचवल्या असत्या. आणखी दोन ताईत बांधले असते. ओरडली असती, गळा दाबला असता, तरी पचवल्या असत्या. पण हे नाही पचलं. मी तोंडात पदर कोंबून रडले.

रविवारी, २५ फेब्रुवारीला चाळिसाव्याचं जेवण होतं. मांडवात पन्नासेक माणूस. इन्शा कोपऱ्यात उभी होती. पायाशी तिची पिशवी भरून ठेवलेली.

अजीज तिला पुढं बोलवायला लागला आणि मी मध्ये गेले. पाटल्या सगळ्यांसमोर ठेवल्या.

"मी चोरल्या. गुसल देताना. ह्या पोरीला काय बी ठावं न्हाई."

मग अजीजच्या बायकोनं झडप घालून पाटल्या उचलल्या आणि पदराला बांधल्या. मग लोकांना वाचा फुटली. मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. सगळं खरंच होतं.

इन्शाची माफी मात्र कुणी मागितली नाही. एकानंही नाही. अजीज तिला म्हणाला, "झालं गेलं. जायचं आसंल तर जा, ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा." बस.

तिनं पिशवी उचलली. माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं, थुंकेल. थुंकायलाच हवं होतं.

ती म्हणाली, "खाला, मागितल्या आसत्या ना, तर अम्मीनं तुमाला दिल्या आसत्या."

आणि दुपारच्या एसटीनं गेली. चोर म्हणून नाही गेली. एवढंच माझ्या हातून चांगलं झालं.

आता मला गुसलला कुणी बोलावत नाही. बरोबर आहे. अझीम चार महिने माझ्याशी बोलला नाही. मग एके दिवशी मी ती दोन्ही कापडं त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तो कब्रस्तानात जाऊन आला. चेहरा पडलेला.

"कबर जशीच्या तशी हाय. माती बी हाललेली न्हाई," तो म्हणाला. "पायथ्याशी खड्डा घेतला. दोनी कापडं पुरली."

मला वाटलं, मिळालं तिला तिचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते.

मोरीत पाणी पडलं.

तीनदा... आणि थांबलं.

मी गेले. मोरी कोरडी. दगडावर दोन्ही कापडं नीट घडी करून ठेवलेली होती. मातीचा कण नाही.

मी ती उचलली...

त्यांच्याखाली आणखी एक होतं. तिसरं.

मी पन्नास माणसांसमोर सगळं कबूल केलंय. घरात काही लपवलेलं नाही. मी कितीदा आठवून बघितलं, काही राहिलंय का म्हणून. मग ती अजून माझं काय झाकतेय, मला कळत नाही.

खाली तिच्या अंगावर आता दोनच कापडं उरलीत.