थांबण्याची विनवणी

वहिनींच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नव्हतं. मजकूर एका ओळीचा होता: 'भावजी, तुम्ही त्यांना थांबवलंत, आता तुम्हीच जायला सांगा.' काय लिहावं ते सुचत नव्हतं. आयुष्यभर वाचलं, पण वेळेला त्यातलं काही हाताशी आलं नाही.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं, मागे राहायच्या खोल्या. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एवढं वाचता, तर त्यांच्या कानावर काही चांगलं पडू द्या." मी बौद्ध प्रार्थनांचं पुस्तक नेलं. त्यात एक विनवणी होती. ज्यांना बोध झाला, ज्यांचं इथलं काम संपलं, त्यांना हात जोडून म्हणायचं, इतक्यात निघू नका; शेवटचा दुःखी जीव सुटेपर्यंत थांबा. ती बुद्धांसाठी होती, दादासाठी नव्हे. मी आपली वाचून दाखवली.

दादाने डोळे उघडले. "एवढं म्हणतोयस, तर थांबतो."

दुपारी डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि 'गेले' म्हणत मान हलवली. वहिनी रडू लागल्या. तशी दादा उठून बसला.

"रडू नकोस गं. आहे मी."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. "नळीच बिघडली असेल," असं पुटपुटत ते गेले, ते परत आले नाहीत.

पत्र मिळाल्यावर मी जाऊन आलो. दादा दुकानात भिंगं पुसत होता. अन्न सुटलं होतं, झोपही. सवयीने तो भिंगावर तोंडाची वाफ सोडी. काच धूसर होत नसे. तरी तो पुसत राही.

"या पंडित," तो म्हणाला. "गल्लीच्या टोकाला एक बाई रडतेय. ती थांबली की दुसरं कुणीतरी सुरू करेल."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"दादा, तू निघ आता."

"दमलोय रे. पण शब्द दिलाय ना तुला."

वहिनी मला दारापर्यंत पोचवायला आल्या. "गेले असते तर एकदाच रडून मोकळी झाले असते. आता रडायचीही चोरी. मी रडले की ते आणखी अडकतात."

घरी येऊन पुस्तकं पालथी घातली. 'थांबा' म्हणणारे शब्द पानोपानी होते. 'जा' म्हणणारे कुठेच नव्हते. फक्त प्रार्थनेच्या शेवटी म्हणणाऱ्याचा स्वतःचा संकल्प होता: मीही थांबेन. तो मी आजवर नुसता वाचत आलो होतो. माझ्यासारख्याने तो करावा, असं कधी वाटलंच नव्हतं.

आज सकाळी उत्तर लिहिलं. 'वहिनी, दादाला म्हणावं, निघ. त्याच्या जागी मी थांबतो.'

चौकातल्या पत्रपेटीपाशी बराच वेळ घुटमळलो.

मग पाकीट आत टाकलं.

चौकात कुणी नव्हतं. समोरच्या खिडक्या बंद होत्या.

रडण्याचा पहिला आवाज पेटीच्या आतून आला.